घरचं माणूस गेल्यावर पतसंस्थेतला हिशेब कसा मिटवायचा

पतसंस्थेत पहिल्यांदा जाल त्या दिवशी कोणत्याही छापील फॉर्मवर सही करू नका. फक्त एक अर्ज द्या: मयत सभासदाच्या नावावर जे काही आहे त्याचा मृत्यूच्या तारखेपर्यंतचा पूर्ण उतारा लेखी मिळावा. सही त्यानंतर. एवढं एक पाळलंत तर पुढचा निम्मा त्रास वाचतो, आणि काही घरांत लाख-दोन लाख रुपयेही वाचतात. कसे, ते पुढे आकड्यांसकट सांगते.

मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका पगारदार कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेत नोकरी केली. सुरुवातीला खतावणी लिहीत असे, निवृत्त झाले तेव्हा सचिव होते. मयत सभासदांच्या घरची माणसं माझ्याच टेबलासमोर बसायची. नंतर माझे थोरले दीर गेले. ते दुसऱ्या एका कंपनीच्या पतसंस्थेचे सभासद होते, आणि तिथे जाऊबाईंबरोबर मी काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभी राहिले. दोन्ही बाजू माहीत असल्याने लिहिते आहे.

सगळ्यात आधी हे ध्यानात घ्या की पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेत बचत खातं वेगळं, कर्ज वेगळं. पतसंस्थेत माणूस आधी सभासद असतो आणि मग खातेदार. त्याचे भाग (शेअर), दरमहा पगारातून कापलेली वर्गणी, मुदत ठेव, स्वतःचं कर्ज, मित्रासाठी दिलेला जामीन, सगळं एकाच सभासद क्रमांकाखाली असतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 25 प्रमाणे मृत्यूबरोबर सभासदत्व संपतं. कलम 46 प्रमाणे सभासदाकडून येणं असेल तर त्याच्या भागांवर आणि ठेवींवर संस्थेचा बोजा असतो आणि ते येणं संस्था त्यातून वळतं करून घेऊ शकते. म्हणून 'बाबांची दोन लाखांची ठेव आहे' एवढ्यावर लग्नाचा किंवा फीचा हिशेब मांडू नका. आणखी एक फरक असा, की कागद पूर्ण झाल्यावर 15 दिवसांत दावा निकाली काढण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम बँकांसाठी आहे. पतसंस्था सहकार खात्याखाली येते आणि तिचे उपविधी, म्हणजे संस्थेचे स्वतःचे नियम, चालतात. बँक ठेवींना असणारं 5 लाखांपर्यंतचं विमा संरक्षणही पतसंस्थेच्या ठेवींना नाही. त्यामुळे 'राहू दे पडून, वर्षश्राद्धानंतर बघू' असं म्हणून ठेव तिथेच विसरणं बरं नाही.

मृत्यूचा दाखला जिथे मृत्यू झाला तिथलीच महापालिका देते. माणूस कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात गेला तर ठाणे महापालिका, ऐरोलीत गेला तर नवी मुंबई महापालिका, आणि परळला केईएममध्ये गेला तर मुंबई महापालिका. घर किसननगरला आहे म्हणून पाचपाखाडीच्या मुख्यालयात खेटे घालून उपयोग नाही. नोंद 21 दिवसांत व्हावी लागते. रुग्णालयात मृत्यू झाला तर ती रुग्णालयाकडून जाते, घरी झाला तर मात्र घरच्यांनी लक्ष ठेवायचं. दाखला हातात पडताच नाव आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर जुळवून बघा. वडिलांचं नाव राहिलं, आडनावात ळ चा ल झाला, तर दुरुस्ती तेव्हाच करून घ्या. सहीशिक्क्याच्या चार-पाच प्रती घ्याच, पतसंस्था, बँक, कंपनी, विमा, प्रत्येकाला एक लागते.

दाखला येईपर्यंत घरात शोधाशोध करा. पासबुक, ठेव पावत्या, भाग दाखला, पिग्मीचं (एजंट रोज गोळा करतो त्या ठेवीचं) कार्ड, सोनेतारणाची पावती, वार्षिक सभेचे अहवाल. काहीच सापडलं नाही तर शेवटचं पगारपत्रक काढा. कपातीच्या रकान्यात 'सोसायटी' म्हणून जो आकडा असतो त्यात वर्गणी किती आणि कर्जाचा हप्ता किती हे कंपनीच्या पगार विभागातून फोडून मिळतं. कधीकधी एकाच माणसाच्या दोन संस्था निघतात, एक कंपनीची आणि एक घराजवळची. मोबाइलचं सिम बंद करू नका. व्यवहाराचे संदेश आणि ओटीपी त्याच नंबरावर येतात. पण त्या फोनवरून किंवा कार्डाने पैसे मात्र काढू नका. मृत्यूनंतरचा असा एखादा व्यवहार दिसला की दावा अडतो आणि भावंडांत संशय शिरतो.

पिग्मी असेल तर एजंटाला लगेच कळवा, कार्डावरच्या नोंदी त्याच्या देखत जुळवून घ्या आणि कार्ड स्वतःजवळ ठेवा. सोनेतारण असेल तर त्याहून घाई. लिलावाची नोटीस मयताच्या नावानेच निघते आणि बंद खोलीच्या दारात पडून राहते. मृत्यू झाल्याचं पत्र देऊन वारसाचा पत्ता आणि फोन नोंदवा.

आता तो अर्ज. मजकूर साधा असू द्या:

'प्रति, मा. अध्यक्ष / सचिव. विषय: मयत सभासद श्री. ______, सभासद क्र. ___ यांच्या खात्यांचा उतारा मिळणेबाबत. महोदय, वरील सभासदांचे दिनांक ___ रोजी निधन झाले. मी त्यांची पत्नी / मुलगा / मुलगी असून मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे. मृत्यूच्या तारखेस त्यांच्या नावे असलेले भाग, सर्व प्रकारच्या ठेवी व त्यांवरील व्याज, देय लाभांश, कर्जाची मुद्दल व व्याज स्वतंत्रपणे, त्यांनी इतर सभासदांना दिलेले जामीन, संस्थेच्या कल्याण निधी, कर्जमुक्ती निधी किंवा कर्जविम्यातून मिळणारे लाभ, तसेच नामनिर्देशनाची नोंद यांची माहिती लेखी द्यावी. आमच्या लेखी संमतीशिवाय कोणतीही रक्कम वळती करू नये व मृत्यूच्या तारखेनंतरचे दंडव्याज आकारू नये, ही विनंती.'

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन परत आणा. 'कशाला शिक्का, आपलीच माणसं' असं म्हटलं तरी घ्या. आपली माणसं बदलतात, शिक्का राहतो.

या अर्जातलं सगळ्यात मोलाचं वाक्य निधीचं आहे. पुष्कळ पगारदार पतसंस्थांमध्ये सभासदांकडून दरवर्षी थोडी रक्कम कापून एक निधी ठेवलेला असतो. नाव वेगवेगळं असतं: मृत्यू साहाय्य निधी, कर्ज निवारण निधी, सभासद कल्याण निधी. काही संस्था त्याऐवजी कर्जाचा सामूहिक विमा काढतात. सभासद नोकरीत असताना गेला तर त्यातून कर्ज पूर्ण किंवा ठरावीक मर्यादेपर्यंत माफ होतं. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, मुदत असते, आणि मुख्य म्हणजे तेव्हा कर्ज बाकी असावं लागतं. घरच्यांनी पहिल्याच दिवशी 'कर्ज ठेवीतून वळते करण्यास संमती आहे' यावर सही केली की पुस्तकात कर्ज शून्य होतं, आणि निधीने फेडायला काही उरत नाही.

माझ्या दिरांचा हिशेब असा होता. भाग 30,000, वर्गणी ठेव 1,72,000, मुदत ठेव 1,00,000, म्हणजे एकूण 3,02,000 रुपये. कर्जबाकी 2,40,000. काउंटरवर संमतीचाच फॉर्म पुढे आला. सही केली असती तर जाऊबाईंच्या हातात 62,000 आले असते. आम्ही आधी उतारा मागितला, उपविधींची प्रत मागितली. त्यात कर्जमुक्ती निधीतून 2,00,000 रुपयांपर्यंत कर्ज भागवण्याची तरतूद निघाली. निधीचा अर्ज आधी केला, उरलेले 40,000 ठेवीतून वळते झाले आणि 2,62,000 मिळाले. तो पैसा काही संस्थेची कृपा नव्हती. दिरांनी वर्षानुवर्षं कापून दिलेल्या पैशातूनच तो हक्क तयार झाला होता. फॉर्म पुढे करणाऱ्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं असं मला वाटतं, त्याला तो क्रम कुणी शिकवलाच नसेल. म्हणून क्रम तुम्ही लक्षात ठेवा: उतारा, मग निधी किंवा विमा, मग वळतं करणं.

कर्जावरचं व्याज मात्र दरम्यान चालू राहतं, आणि ते ठेवीच्या व्याजाहून जास्त असतं. म्हणून निधीचा अर्ज लांबवू नका. उतारा आल्यावर मृत्यूच्या तारखेनंतर किती व्याज लावलं ते तपासा. दंडव्याज दिसलं तर ते माफ व्हावं म्हणून संचालक मंडळाला वेगळी विनंती करा. मुदत ठेव मुदतीआधी मोडल्यावर जो दर कमी होतो, त्याबद्दलही त्याच पत्रात लिहा. मंडळाने ठराव करून सूट दिलेली मी पाहिली आहे. न मागता दिलेली पाहिली नाही.

दुसरी अडचण जामिनाची. दिवंगत माणूस दोन सहकाऱ्यांना जामीन असेल तर संस्था त्याची ठेव अडवून धरते. त्या कर्जदारांना भेटा आणि दुसरा जामीनदार द्यायला सांगा. बदली जामीन मंजूर झाला की तुमची रक्कम मोकळी होते. कर्ज नियमित फेडलं जात असेल तर हे काम सहसा एका सभेत होतं. उलट बाजूही विसरू नका. तुमच्या माणसाच्या कर्जाला जे जामीन राहिले त्यांच्या पगाराला हप्ता लागू शकतो. ती माणसं तेराव्याला येऊन गप्प बसून जातात, बोलत नाहीत. निधीचा अर्ज केला आहे एवढं त्यांना आपण होऊन कळवा.

कर्ज ठेवींपेक्षा जास्त असेल तरी घाबरू नका. वारसाची जबाबदारी मयताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. मुलगा स्वतः जामीनदार नसेल तर त्याने स्वतःच्या पगारातून वडिलांचं कर्ज फेडावं असा कायदा नाही. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीला जप्तीपासून कायद्याचं संरक्षण आहे. त्यातून परस्पर कापण्यासाठी संमती मागितली तर वाचल्याशिवाय देऊ नका.

आता नॉमिनी. सभासद क्रमांकाला एक नामनिर्देशन असतं आणि मुदत ठेवीच्या पावतीला वेगळं असू शकतं, दोन्ही विचारा. नोकरीला लागताना, लग्नाआधी भरलेल्या फॉर्ममध्ये आईचं नाव असतं आणि ते तसंच राहतं. बायकोचं नाव असलं तर कधी माहेरचं, कधी फक्त 'सौ.' आणि नवऱ्याचं नाव. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला, आधार आणि 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र चालतं. नॉमिनी स्वतःच आधी वारला असेल तर ती नोंद नसल्यासारखीच, मग वारसांच्या मार्गाने जावं लागतं. नॉमिनी अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालचा असेल तर पालकामार्फत दावा करायचा.

सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 30 प्रमाणे संस्थेने नॉमिनीला पैसे दिले की संस्था मोकळी होते. पण नॉमिनी त्या पैशाचा मालक होत नाही. बँक ठेवींबद्दल 2010 मध्ये आणि कंपन्यांच्या शेअरबद्दल डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: नॉमिनीने रक्कम स्वीकारायची, हक्क वारसांचा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाच्या मागे पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचा पहिल्या वर्गात सारखा हक्क असतो. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली म्हणून तिचा हक्क जात नाही, आणि गावी राहणारी म्हातारी आई तर लोक यादीत लिहायलाच विसरतात. माझ्या टेबलावर अशा याद्या यायच्या तेव्हा मी पेन खाली ठेवून विचारायचे, 'आई आहेत का?' बहिणींना 'ऑफिसला सही लागते गं' एवढंच सांगून हक्कसोडीच्या कागदावर सही घेणं मला फार लागतं. रक्कम सांगा, कागद वाचून दाखवा, मग तिला सोडायचं तर ती सोडेल. ना-हरकत पत्र आणि हक्क सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे आईच्या खात्यावर जमा व्हायला माझी हरकत नाही, एवढं लिहून दिल्याने मुलीचा वाटा आपोआप जात नाही.

नॉमिनीच नसेल तर कागद वाढतात. सर्व वारसांचं प्रतिज्ञापत्र, ना-हरकत पत्रं, मुद्रांकावर क्षतिपूर्ती बंधपत्र म्हणजे ज्याला सगळे इंडेम्निटी बाँड म्हणतात ते, आणि बहुधा दोन जामीनदार. मुद्रांक आता किमान 500 रुपयांचा लागतो, 2024 च्या ऑक्टोबरपासून 100 आणि 200 चा जमाना संपला. कितीपर्यंतच्या रकमेला एवढ्यावर भागतं ते संस्थेचे उपविधी किंवा मंडळाचा ठराव सांगतो. रक्कम मोठी असेल किंवा वारसांत वाद असेल तर दिवाणी न्यायालयाचा वारसा दाखला, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट आणावं लागतं. ठाण्यात त्यासाठी कोर्ट नाक्यावर जावं लागतं. वकील, अर्ज, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकतींची मुदत, यात महिने जातात. दाखल्यात या संस्थेच्या ठेवींबरोबर बँक, पोस्ट, शेअर असं सगळं एकाच अर्जात घाला, नाहीतर प्रत्येकासाठी पुन्हा दार ठोठवावं लागतं. भांडण नसेल तर हा रस्ता धरायला कुणी लावत असेल त्याला 'उपविधीत कुठे लिहिलंय ते दाखवा' असं शांतपणे विचारा.

संस्थेच्या आतलं एक गुपित नसलेलं गुपित: मयत सभासदाचे दावे काउंटरवर मंजूर होत नाहीत, संचालक मंडळाच्या सभेत होतात, आणि ती सभा बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा असते. सभेच्या आदल्या दिवशी आलेला अर्ज विषयपत्रिकेत जात नाही. एक कागद कमी असेल तर प्रकरण पुढच्या सभेला. म्हणून पुढची सभा कधी ते विचारा, आठवडाभर आधी पूर्ण संच द्या, आणि 'काही त्रुटी आहे का ते आत्ताच सांगा' म्हणा. मार्चअखेर आणि ऑगस्ट-सप्टेंबरात कर्मचारी हिशेब आणि वार्षिक सभेत बुडालेले असतात, तेव्हा विलंब धरून चाला.

ती वार्षिक सभा तुमच्याही कामाची आहे. मार्चअखेर संपलेल्या वर्षाचा लाभांश 30 सप्टेंबरपर्यंतच्या सभेत जाहीर होतो. माणूस जूनमध्ये गेला तरी मागच्या वर्षाचा लाभांश त्याचाच. पण जुलैमध्येच 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली, यापुढे काहीही येणे नाही' अशी पावती दिली तर तो मागताना वाद होतो. पावतीवर हाताने लिहा: 'सन अमुकचा लाभांश वगळून'. भाग वारसाच्या नावावर करण्याचा प्रश्न पगारदार संस्थेत सहसा येत नाही, कारण सभासद व्हायला त्या कंपनीत नोकरी लागते. तिथे भागांची रक्कम परत मिळते. घराजवळच्या नागरी पतसंस्थेत मात्र वारस सभासद होऊन भाग चालू ठेवू शकतो.

पैसे खात्यावरच घ्या. 20 हजार किंवा त्याहून जास्त ठेव रोखीने परत करायला आयकर कायद्यात तसाही मज्जाव आहे. जाऊबाईंचं स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं नव्हतं, होतं ते दिरांबरोबरचं. ते काम आधी करून ठेवा. मिळालेली रक्कम आणि उतारा यांचा मेळ घाला, वळती केलेली प्रत्येक रक्कम कुठल्या कर्जाला गेली ते लिहून घ्या.

उत्तरच येत नसेल तर आधी अध्यक्षांना स्मरणपत्र, मग शिक्क्याच्या प्रती जोडून सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार. वाद देण्याघेण्याचा असेल तर कलम 91 खाली सहकार न्यायालय आहे. ठेव परत मिळत नसेल तर ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. संस्था अवसायनात गेली असेल, म्हणजे ती बंद करून हिशेब मिटवणं चालू असेल, तर दावा ते काम पाहणाऱ्या अवसायकाकडे, त्याच्या जाहीर नोटिशीतल्या मुदतीत, मूळ पावत्यांच्या छायाप्रती जोडून द्यायचा. मूळ पावती कुणाच्याही हाती पोचेशिवाय देऊ नका.

पैसे जमा झाले की काम संपलं असं समजून लोक उठतात, पण तीन गोष्टी उरतात. येणेबाकी नसल्याचा दाखला. कर्जाच्या वेळी तारण म्हणून घेतलेले सहीचे कोरे धनादेश आणि वचनचिठ्ठी, तुमच्या माणसाचे आणि त्याच्या जामीनदारांचेही. आणि घर किंवा जमीन तारण असेल तर बोजा उतरवल्याचं पत्र. ते पत्र घेऊन सात-बाऱ्यावरची किंवा हाउसिंग सोसायटीच्या दप्तरातली बोज्याची नोंदसुद्धा कमी करून घ्या, नाहीतर घर विकताना तीच नोंद पुन्हा समोर येते, आणि तोवर संस्थेतला तो कागद शोधून देणारा कारकून निवृत्त झालेला असतो.